विदोसावाच्या सुरकुत्या

"ही कोण?" फोटो टेबलावर आपटत विदोसावाने विचारलं.

"तू," झिवोयिन म्हणाला.

"मी? ही माझी सासू आहे. तीस वर्षं मी हिच्याशी भांडले, आठ वर्षांपूर्वी माझ्या या हातांनी हिला मातीत घातली, आणि तू हिला माझा ब्लाउज घालून परत आणलीस?"

झिवोयिनने फोटो उचलून खिडकीशी धरला. फोटो उत्तमच होता. नेगोतिन गावात आता फोटोला स्टुडिओत कोण जातं? पण चर्चमागच्या गल्लीतला हा बाहत्तर वर्षांचा हट्टी गृहस्थ अजून बापाच्याच पद्धतीने काम करायचा. उत्तरेची एक उंच खिडकी, तिचा खालचा अर्धा भाग पडद्याने झाकलेला. समोरच्या बाजूला खुर्चीवर टाकलेली पांढरी चादर आणि मागे बापाने रंगवलेलं तपकिरी कापड. माणसाचा अर्धा चेहरा उजेडात यायचा, अर्धा हळूहळू अंधारात विरघळायचा, जुन्या तैलचित्रात असतो तसा. मग बारीक ब्रशने छाप्यावर हात फिरवायचा. त्यातही त्याचा कायदा होता: पुळी काढायची, सुरकुती ठेवायची. मोबाईलवर फोटो काढणाऱ्यांना तो माणसांत धरत नसे.

"वहिनी, हा उजेड बघ. गालावरून कसा उतरलाय. तुझ्या एकेका सुरकुतीला तिची स्वतःची सावली आहे."

"त्या सावल्या तुझ्या घरात लाव."

विदोसावाचं दुःख खरं होतं. तिचा नवरा रातोमिर, म्हणजे झिवोयिनचा शाळेपासूनचा मित्र, सव्वीस वर्षांपूर्वी वारला तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होता. त्याच्या कबरीवरचा सिमेंटचा दगड यंदाच्या थंडीत तडकला. म्हणून तिने काळ्या ग्रॅनाइटचा नवा, दोघांचा दगड सांगितला. तिकडच्या सगळ्याच बायका करतात तसं नवऱ्याशेजारी स्वतःचं नाव आणि जन्माचं साल कोरून घेतलं, पुढच्या सालाची जागा मोकळी ठेवली. वर चिनीमातीच्या दोन लंबगोल चकत्यांवर दोघांचे फोटो बसणार होते. नोव्हेंबरातल्या मृतांच्या शनिवारी सगळा गाव मेणबत्त्या आणि उकडलेल्या गव्हाचा प्रसाद घेऊन स्मशानात येतो, त्या दिवशी दगडावरचं कापड निघायचं होतं. रातोमिरचा फोटो ठरलेला होता. झिवोयिननेच काढलेला, पंचेचाळिशीतला, भरघोस केसांचा आणि मिशांचा.

तेवढ्यात दगड घडवणारा तिहोमिर माप द्यायला आत आला. त्याने टेबलावरचे दोन्ही फोटो शेजारी शेजारी पाहिले आणि कौतुकाने मान हलवली.

"झकास. मायलेक एकत्र, चांगली कल्पना आहे."

पुढची दहा मिनिटं चर्चमागच्या गल्लीत दुसरं काही ऐकू आलं नाही. तिहोमिर टोपी विसरून पळाला.

"ऐकलंस?" विदोसावा म्हणाली. "जन्मभर ती बाई आमच्या दोघांच्या मध्ये बसली. जेवायला मध्ये, चर्चमध्ये मध्ये. आता मेल्यावर पण त्याच्या शेजारी तीच? येणारे जाणारे बघतील, मेणबत्ती लावतील आणि म्हणतील, किती प्रेमळ आई होती. सुरकुत्या काढ."

"मी पुळ्या काढतो."

"मग त्या मोठ्या पुळ्या समज."

झिवोयिन चिडला, पण मित्राची बायको होती. त्याने डोळ्यांच्या कडा सौम्य केल्या. तिला पटलं नाही. त्याने गाल भरले. ती दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन आली. त्याने मान तासली, कपाळ पुसलं, पन्नास वर्षं पाळलेला कायदा मोडून बसला. पाचव्या खेपेला विदोसावाच्या चेहऱ्यावर सोललेल्या उकडलेल्या अंड्याइतक्याच रेघा उरल्या होत्या. वय फार तर पस्तीस.

"आता कसं," ती म्हणाली आणि समाधानाने घरी गेली.

झिवोयिनला मात्र अन्न गोड लागेना. "बेइमानी आहे ही," तो बायकोला, कोसाराला, म्हणाला. "तिला जोडी शोभायला हवी ना? मग मी शोभवून दाखवतो."

शुक्रवारी दुपारभर तो दार लावून बसला. रातोमिरचा ठरलेला फोटो पाकिटात घातला, त्याचाच नवा छापा काढला, समोर आरसा ठेवला आणि ब्रश हातात घेतला. रातोमिर आणि तो एकाच वर्षाचे. तेव्हा आरशात बघून, रागारागाने, त्याने स्वतःचं म्हातारपण मित्राच्या तोंडावर चढवलं. टाळूवरचे केस विरळ केले, मिशी पांढरी केली, गाल उतरवले, मान सैल सोडली. मग तो फोटो विदोसावाच्या फोटोशेजारी टेबलावर ठेवला. सोमवारी ती आली की समोर टाकायचा आणि विचारायचं, आता बापलेक म्हणवून घेतेस का?

तो मागच्या मोरीत ब्रश धूत होता तेव्हा कोसाराने हाक मारली. "तिहोमिर आलाय. चकत्या भाजणाऱ्या भट्टीवाल्याची गाडी आत्ताच निश शहराला निघतेय. फोटो मागतोय."

"टेबलावर जोडी आहे ना? दे आणि हाकल त्याला. टोपी पण दे त्याची."

सोमवारी सकाळी झिवोयिनने पाकीट उघडलं, तर आतून तरुण रातोमिर त्याच्याकडे बघून हसत होता. त्याने तिहोमिरला फोन लावला. चकत्या भाजून झाल्या होत्या. भट्टी पुन्हा तीन आठवड्यांनी पेटणार होती, आणि शनिवार पाच दिवसांवर होता.

"जाऊन सांग तिला," कोसारा म्हणाली.

तो गेलाही. पण विदोसावा अंगणात शेजारच्या बाईला सांगत होती, "बघशीलच शनिवारी, आमची जोडी कशी दिसते ते." झिवोयिन फाटकावरूनच परत फिरला आणि वाटभर स्वतःला शिव्या घालत घरी आला.

शनिवारी सगळा गाव जमला. पाद्री प्रार्थना म्हणून पुढच्या कबरीकडे गेला, तिहोमिरने कापड ओढलं. मग मागून एका बाईने शेजारणीला विचारलं, "याला मुलगी कधी झाली गं?" दुसरीने खालची सालं वाचली. "सेहेचाळीस वर्षांचा? काय सोसलं असेल बिचाऱ्याने."

झिवोयिन एका देवदाराला टेकून मार खायची वाट बघत होता. कोसाराने सावधपणे त्याचा चष्मा काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

विदोसावाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. तिने प्रसादाची थाळी खाली ठेवली, राकिया या घरगुती दारूची बाटली तिच्या शेजारी ठेवली आणि पुढे गेली. फेकायला हात मोकळे करतेय असंच सगळ्यांना वाटलं. तिने चष्मा पुसला. बराच वेळ बघितलं. मग एक बोट रातोमिरच्या उतरलेल्या गालावर ठेवलं.

"म्हातारा झालास की," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, मी एकटीच झाले."

मग ती रडली. रडतानाही रागावलेलीच दिसत होती. नाक पुसून तिने झिवोयिनला बोटाने जवळ बोलावलं.

"याला हात लावायचा नाही. माझी चकती फोड. मला याच्या बरोबरीची कर. माझ्या सुरकुत्या परत घाल, सगळ्या."

"सासू दिसशील," झिवोयिन गुरगुरला.

"दिसू दे. हा आता तिचा मुलगा दिसत नाही ना? बस झालं."

"डोळ्यांखालच्या पिशव्या?"

"एक घाल. डावी."

"उजेड दोन्हींवर पडलाय, एक कशी घालू?"

"तो तुझा प्रश्न." तिने पुन्हा दगडाकडे पाहिलं आणि डोळे बारीक केले. "आणि ही भुवयांमधली आठी कुठून आणलीस? रातोमिर उभ्या जन्मात कधी चिडला नाही. मी एकटी बोलायचे आणि हा मासे पकडायला जायचा."

झिवोयिनने चष्म्यासाठी कोसाराकडे हात पुढे केला.

"ती याची आहे," कोसारा म्हणाली. "आरशात बघून काढली."

विदोसावाने झिवोयिनच्या कपाळाकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या. बाटलीचं बूच काढून तिने थोडी राकिया कबरीवर ओतली आणि बाटली झिवोयिनच्या हातात दिली.

"राहू दे ती आठी," ती म्हणाली. "तिकडे गेल्यावर भांडायला कोणीतरी हवंच."