एक भाव, दोन लेबलं

"पयली माझी ओवी गो, बाजाराच्या वाटे,
मागता तेका फळ गो, लाजता तेका काटे!"

उत्तम परबाची आई ही ओवी जात्यावर म्हणत नसे. जातं गावालाच राहिलं होतं. लालबागच्या मंडईत कडेवर उत्तम आणि हातात पिशवी, अशी ती वांगीवालीसमोर उभी राहून ही ओवी म्हणायची. वांगीवाली हसता हसता दोन वांगी वर टाकायची. आई गेली, चाळ गेली, चाळीच्या जागी टॉवर आला आणि उत्तमराव बाराव्या मजल्यावर राहायला गेले. पण दुकानाची पायरी चढताना तो आवाज अजून त्यांच्या कानात किणकिणायचा आणि हात आपसूक मिशीवर जायचा.

"दुनियेत अशी वस्तू नाही, जिच्यावर सूट नाही!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "मागायला छाती लागते!"

छाती होतीच. दातांच्या डॉक्टरशीसुद्धा त्यांनी घासाघीस केली होती आणि दोन दातांच्या पैशात तीन काढून आणले होते. तिसरा चांगला होता, ही गोष्ट वेगळी!

तर मंडळी, अशा या उत्तमरावांच्या मुलीचं, तेजस्वीचं, लग्न ठरलं. याआधी दोन ठिकाणी ठरता ठरता फिसकटलं होतं, म्हणून घरात सगळे अंड्यांच्या ट्रेवरून चालल्यासारखे वागत होते. मुलगा गिरगावातला, विनीत. त्याची आई मीनाक्षीबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. बाईंनी सुपारी फुटली त्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "आम्हाला देणंघेणं काही नको. फक्त खोटं नको. खोटं मला शाळेत चालायचं नाही, घरातही चालणार नाही."

"खोटं? आमच्याकडे?" उत्तमराव छाती पुढे काढून म्हणाले. "विहीणबाई, बस्ता फक्त माझ्यावर सोडा. दादरला आमचे धनेशशेठ आहेत. असा भाव करून दाखवतो, की गिरगावात सांगत सुटाल!"

बस्ता म्हणजे लग्नाचे कपडे दोन्ही घरच्यांनी मिळून, एका दुकानात, एका गादीवर बसून घ्यायचे. नवरीचा शालू मुलाकडच्यांनी घ्यायचा, विहिणीची साडी मुलीकडच्यांनी. कोण हात आखडतो, कोण सैल सोडतो, सगळं त्या पांढऱ्या गादीवर उघडं पडतं. अर्धी लग्नं बोहल्यावर लागतात आणि अर्धी बस्त्यातच मोडतात, असं जुनी माणसं म्हणायची.

शनिवार उजाडला. उत्तमरावांची बायको गुणवंती सकाळीच म्हणाली, "मी पुढे होते, गादी धरते. लग्नाचे दिवस आहेत, गर्दी असेल." ती नेहमीच पुढे जायची. कुठल्याही खरेदीला नवऱ्याच्या आधी पाच-दहा मिनिटं ती दुकानात पोचलेली असायची. उत्तमरावांना वाटे, केवढी ही बायकोला हौस!

धनेशशेठच्या दुकानात गल्ल्याच्या वर, लक्ष्मीच्या तसबिरीखाली पाटी होती. 'एकच भाव. कृपया घासाघीस करू नये.'

"पप्पा, बोर्ड वाचा ना," तेजस्वी कुजबुजली.

"बोर्ड वाचणाऱ्यांसाठी असतो," उत्तमराव म्हणाले आणि चपला काढून गादीवर असे बसले, जसा पैलवान हौद्यात उतरतो.

शालू झाला. तो विनीतकडचा, त्यात बोलायची सोय नव्हती, म्हणून उत्तमराव ओठ आवळून बसले. मग विहिणीची साडी निघाली. अंजिरी पैठणी! काठावर मोर असे, की टाळी वाजवली तर उडतील. मीनाक्षीबाईंची नजर तिच्यावर एक क्षण थबकली आणि उत्तमरावांनी तो क्षण टिपला.

"शेठ, ही कितीला?"

"लेबल लावलंय ना, उत्तमभाई. साडेअठरा हजार."

"साडेअठरा! साडी विकताय का वाडी?"

"प्योर सिल्क आहे, भाई."

"असूद्या प्योर! आमचा पैसा काय भेसळीचा आहे? बारा बोला."

"बारामध्ये तर याचे मोरच येतील, साडी नाय."

"मग मोर राहूद्या, लांडोर दाखवा!"

शेजारच्या गादीवरच्या बायका हसल्या. उत्तमरावांना चेव आला. ते उठले. चपला घातल्या. दारापर्यंत गेले, बाहेरच्या फेरीवाल्याकडे बघून एक सुस्कारा सोडला आणि परत आले. हे त्यांचं ठेवणीतलं अस्त्र.

"चला," धनेशशेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "मुलीचं लग्न आहे. तुमच्यासाठी चौदा. बस, यापुढे बोलू नका."

उत्तमरावांनी गादीवरून अशी नजर फिरवली, जशी गड सर केल्यावर बुरुजावरून फिरवतात. "बघितलंत, विहीणबाई? साडेचार हजार! एका फटक्यात! पाटी काय म्हणते आणि माणूस काय करतो!"

विहीणबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि साडीची कड हातात घेतली.

"ही साडी मी मंगळवारी बघून गेले होते," त्या शांतपणे म्हणाल्या. "बहिणीबरोबर. तुमच्यावर उगाच भार पडू नये म्हणून, आधी अंदाज घ्यायला. तेव्हा ती चौदालाच होती."

"छे छे! काहीतरी गोंधळ..."

मीनाक्षीबाईंनी लेबलाच्या कोपऱ्याखाली नख घातलं. वरचं लेबल सालीसारखं निघालं. खाली दुसरं. जुनं, कडेला पिवळं पडलेलं. चौदा हजार.

गादीवर असा सन्नाटा पडला, जसा मंगलाष्टकांत भटजी अडखळल्यावर पडतो.

"म्हणजे आधीच ठरलेलं होतं," बाई म्हणाल्या. "चौदाची साडी साडेअठराची म्हणून माझ्या अंगावर घालायची. आणि वर साडेचार हजार वाचवल्याची फुशारकी. मोठेपणासाठी हे?"

उत्तमराव लाल झाले. मग जांभळे झाले. मग त्या पैठणीसारखे अंजिरी झाले. त्यांना यातलं खरंच काही ठाऊक नव्हतं! आणि निष्पाप माणूस चिडला म्हणजे त्याच्याइतका भयंकर कोणी नाही.

"शेठ! ही चोरी? आमच्या पोरीच्या बस्त्यात? एकच भावाची पाटी लावता आणि लेबलावर लेबल चिकटवता? चोर आहात तुम्ही, चोर!"

झालं! 'चोर' हा शब्द भर दुकानात पडला आणि दुकानभर माणसं आपापली लेबलं नखांनी खरवडू लागली. जिकडे तिकडे खर्र खर्र, जणू गोदामात उंदीर शिरलेत! एका आजोबांनी धोतरजोडीचं लेबल काढलं, खाली काही सापडलं नाही, तरी ते ओरडले, "माझं तर नुसतंच लेबल निघालं! म्हणजे हे जास्तच मोठे चोर!" एक बाई नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या सफारीचं पण बघा!" नवरा अंगातल्या, चार वर्षांपूर्वी घेतलेल्या सफारीची कॉलर चाचपू लागला. कुणीतरी मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. कुणीतरी विचारलं, "काय, सेल लागलाय का?"

"काका, जाऊदे ना," विनीत म्हणाला.

"जाऊदे कसं? ग्राहक मंचात खेचतो यांना!"

मीनाक्षीबाईंनी पर्स खांद्याला लावली. "विनीत, चल. आज बस्ता नको. घरी जाऊन बोलू."

'घरी जाऊन बोलू.' मंडळी, हे शब्द परबांच्या घराने याआधी दोनदा ऐकले होते. तेजस्वीने शालूची घडी मांडीवरून उचलून हळूच गादीवर ठेवली, झोपलेलं मूल ठेवावं तशी. ती रडली नाही. तेच बघवेना.

धनेशशेठ उभे राहिले होते. "उत्तमभाई," ते एवढंच म्हणाले, "माझ्या बापाची गादी आहे ही. इथे बसून आजपर्यंत मला कोणी चोर बोललं नाही." त्यांनी एकदा गुणवंतीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

तेव्हा गुणवंती उठली. पदर खोचला. तिचा आवाज फार मोठा नव्हता, पण खरखर थांबली.

"त्यांना चोर म्हणू नका हो. लेबलं मी लावायला लावली."

"तू?"

"काल संध्याकाळी. फुलं आणते म्हणून गेले ना, इथेच बसले होते. शेठ नको नको म्हणत होते, पाटीकडे बोट दाखवत होते. मीच हात जोडले."

"अगं पण का?"

गुणवंतीने मीनाक्षीबाईंकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. नवऱ्याकडे बघणं तिला जमलं नाही.

"तुम्हाला कमी करायला मिळावं म्हणून."

आजोबांनी काढलेलं लेबल थुंकी लावून परत चिकटवायला घेतलं. मोबाइलवाल्याने मोबाइल खिशात घातला. उत्तमराव त्या पांढऱ्या गादीवर उभे होते आणि त्यांना वाटलं, आपल्या अंगावर कुणीतरी लेबल लावलंय, आणि आता सगळं दुकान ते नखाने काढतंय. खाली काय निघणार, ते त्यांनाच बघवेना.

त्यांनी हात जोडले. कितीतरी बोलायचं होतं, सवयच तशी; पण तोंडातून एवढंच निघालं, "शेठ... चुकलो मी."

"बसा, उत्तमभाई. चा येतोय," धनेशशेठ म्हणाले, आणि स्वतःच मान फिरवून डोळे पुसू लागले.

मीनाक्षीबाई अजून दारातच होत्या. पर्स खांद्यावर तशीच. शेवटी त्या परत आल्या आणि गुणवंतीशेजारी टेकल्या.

"खोटं चालणार नाही म्हणाले होते मी," त्या म्हणाल्या. "पस्तीस वर्षं पोरांचं खोटं पकडलं. पण हे खोटं कुठल्या जातीचं, ते मला सांगता येत नाही. शिक्षा काय करणार?" मग शेठकडे वळून, "ती अंजिरी द्या. खरा भाव सांगा."

"चौदा."

सगळं दुकान उत्तमरावांकडे बघू लागलं. त्यांच्या ओठांची टोकं हलली. मिशी फुरफुरली. तेजस्वीने डोळे मिटून घेतले.

"बांधा," उत्तमराव म्हणाले.

मुलं विहीणबाईंना घेऊन कॉफी प्यायला गेली. उत्तमराव आणि गुणवंती पायी निघाली, दादरहून लालबागला. टॅक्सीत शेजारी शेजारी बसायला उत्तमरावांना तोंड नव्हतं. ते दोन पावलं पुढे, ती दोन पावलं मागे. हिंदमाता मागे पडली. परळला मिक्सरवाला ओरडला, "या या, उत्तमराव! नवीन माल आलाय, घाम काढा आमचा!" उत्तमरावांनी मान अशी खाली घातली, जशी उधारी थकलेला माणूस घालतो.

"मिक्सर पण?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"हो."

"ती कापसाची गादी? शेवटी गादीवाल्याने रडत दिली होती."

"तो चांगलं रडतो. मीच सांगितलं होतं, थोडं रडा."

उत्तमराव थांबले. "किती वर्षं चाललंय हे?"

"प्रेस बंद पडून तुमची नोकरी गेली, तेव्हापासून," गुणवंती आता त्यांच्या बरोबरीने आली. "आठवतं? भिंतीकडे तोंड करून पडून असायचात. ताट तसंच परत यायचं. मग एक दिवस छत्रीवाल्याकडून दहा रुपये कमी करून आलात आणि त्या रात्री दोनदा भात मागून घेतलात. मला काय, भात जायला हवा होता तुम्हाला. ती छत्री तुम्ही खरीच कमी केली होती हां. पुढचं मी बघितलं."

"आणि सगळे दुकानदार मला हसत होते!"

"हसतील कशाला? वाट बघायचे तुमची. तुम्ही आलात की त्यांचा दिवस बरा जायचा."

उत्तमरावांनी रुमाल काढला, घाम पुसल्यासारखं केलं. ऊन नव्हतं.

"मला एकदा तरी सांगायचंस, गुणे. एवढी वर्षं पोटात ठेवलंस."

"अजून एक ठेवलंय."

"आता काय राहिलं?"

गुणवंतीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. बोलू की नको, असं करत थोडी चालली.

"तुम्ही मला बघायला आलात तेव्हा काय काय म्हणालात! पेटी वाजवता येते, समुद्रात दोन मैल पोहता, प्रेसमध्ये साहेब तुम्हाला विचारल्याशिवाय पान छापत नाही. आमचे बाबा घाबरले, म्हणाले, एवढा मोठा माणूस आपल्याला झेपायचा नाही. मी आत जाऊन आईला सांगितलं, यातलं निम्म्याहून जास्त वजा कर. जो उरतोय ना, तो मला आवडलाय."