बंगईची खोड

"मामा, बंगई काढायची हाय पडवीतली," निकिता म्हणाली, आणि अजिनाथच्या बशीतला चहा धोतरावर सांडला.

निकिता त्याची सून. बोलली ती नीट, मऊ आवाजात. पण म्हशीला इंजेक्शन देणारा डॉक्टरही मऊच बोलतो. झालं होतं असं की अजिनाथचा मुलगा वैजनाथ श्रीगोंद्यात सोफासेट पसंत करून आला होता. पडवीत एक तर सोफा मावणार होता, नाहीतर कड्यांना टांगलेली ही झोक्याची बंगई. घरातल्या माणसानं कशावर बसायचं हे आजकाल बसणारा ठरवत नाही. चार पाहुणे येऊन काय बघतील, त्यावर ते ठरतं.

अजिनाथ उभी हयात काष्टीच्या बाजारात हेडी होता. बैल घ्यायचे, बैल विकायचे, दोघांच्या मधे उभं राहून सौदा जुळवायचा. गुडघे गेले तसा बाजार सुटला. पण बंगईवर बसला की बाजार त्याच्याकडं यायचा. रस्त्यानं जाणारा थांबायचा, "भाऊ, ह्या कालवडीचा दात बघा," म्हणायचा. सोफ्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला कालवड कोण दाखवतो? सोफ्यावरच्या म्हाताऱ्याला माणसं फक्त गोळ्या घेतल्या का तेवढं विचारतात.

"फेकून न्हाई देणार ओ," निकिता म्हणाली. "मोबाईलवर लिलावात टाकू. मागं आपलं घंगाळ न्हाई का गेलं? फोटो तेवढा झ्याक पायजे. मागं वाळत घातलेली कापडं नकोत, उजेड पायजे, चारी बाजू दिसल्या पायजेत. आन् कुटं तडा असंल तर तोबी जवळून दाखवायचा. लपवला की माल परत येतो."

अजिनाथचे कान टवकारले. "तडाबी दाखवायचा?"

"सगळं. असंल ती खोड."

"मग फोटो मीच काडतो," अजिनाथ म्हणाला.

त्याची बायको रतनबाई लसूण सोलत होती. तिनं मान वर करून नवऱ्याकडं बघितलं. हा माणूस इतक्या गुमान कधीच ऐकत नसे.

अजिनाथचा हिशोब साधा होता. बाजारात बैलाची एखादी बारीक खोड आपणहून सांगावी, गिऱ्हाईकाचा विश्वास बसतो. पण सगळ्या खोडी सांगणाऱ्याचा बैल संध्याकाळी त्याच्याच मागं चालत घरी येतो. बंगईच्या सगळ्या खोडी जगापुढं मांडायच्या. कुणी कुत्रं विचारणार नाही. बंगई जिथल्या तिथं.

निकितानं मोबाईल हातात दिला, कुठं दाबायचं ते दाखवलं. ठरवलं असतं तर भर दुपारी चार वाकडेतिकडे फोटो काढून मोकळं होता आलं असतं. पण हात हेड्याचा. माल वाईट उभा करणं त्या हाताला येतच नव्हतं. तिरपं ऊन पाठीवर घेतल्याशिवाय त्यानं कधी बैल दाखवला नव्हता. त्यानं ऊन कलायची वाट बघितली. रतनबाईची लुगडी दोरीवरून काढायला लावली. कोंबड्या हाकलल्या. मग वाकून, गुडघ्याला शिव्या घालत, त्यानं फळीच्या तड्याला मोबाईल लावला.

आणि मोबाईल आणखी जवळ नेला.

तड्याच्या कडेनं सागाच्या रेषा वळल्या होत्या, धोंडा आडवा आला की ओढा वळतो तशा. ऊन त्यांत उतरलं होतं आणि लाकूड आतून पेटल्यासारखं दिसत होतं. एका कडीची जागा बैलाच्या साखळीनं भरून काढलेली. कधीकाळी त्यानंच ती घाईघाईत अडकवली होती, आता ती दागिन्यासारखी लकाकत होती. कडेला चुन्याचं बोट पुसून पुसून पांढरी नक्षी उठली होती. आणि मधोमध एक खळगा होता, त्याच्याच बुडाचा, देवळाच्या पायरीसारखा गुळगुळीत झालेला.

"आयला," तो पुटपुटला. "ही माजी बंगई?"

"मामा, झालं का?"

"थांब गं. अजून एक खोड ऱ्हायलीय."

माहिती त्यानं सांगितली आणि निकितानं हसत हसत शब्द न शब्द टाइप केली. "लाकूड सागाचं. वय: सगळे दात जुळलेली, आता मोजायचे न्हाईत. फळीला तडा. डाव्या अंगाला कुरकुरती. एक कडी बैलाची. मधी खळगा, मालकाच्या बुडाचा. मारकी न्हाई. मोटी खोड एकच: बसलेला माणूस लवकर उठत न्हाई."

"आता बघू कोण घेतं," तो मनात म्हणाला आणि बंगईवर पाय हलवत बसला.

दुसऱ्या दिवशी बोली शेळीच्या किमतीवर होती. दुपारी कालवडीवर गेली. पुण्याकडचा एक हॉटेलवाला आणि नाशिकची घरं सजवणारी एक बाई, दोघं हट्टाला पेटले होते. खाली लोक लिहीत होते. निकिता वाचून दाखवायची. "इतका प्रामाणिक विकणारा पाहिला नाही." "तो खळगा बघून डोळ्यांत पाणी आलं."

"कुनाच्या डोळ्यांत?" रतनबाईनं विचारलं. "ह्यांच्या बुडाचा खळगा बघून?"

"व्हय आत्याबाई. बंगलोरची हाय ती."

ज्यांनी जन्मात शेण उचललं नाही, त्यांना गोठ्याचा वास मोबाईलमधून गोड लागतो. तडा आपल्या घरात असला की दळिद्र, आणि दुसऱ्याच्या फोटोत असला की कला! अजिनाथनं त्या सगळ्यांना मनातल्या मनात हेड्यांच्या ठेवणीतल्या शिव्या घातल्या. पण खोटं कशाला बोला, छातीही फुगली होती. आडव्या अंगाच्या बैलालाही त्यानं असा भाव कधी मिळवून दिला नव्हता. गावातली माणसं यायची, बंगईभोवती फिरून तडा शोधायची, चप्पल काढून खळग्याला हात लावायची. बसायला मात्र कुणी धजत नव्हतं.

रविवारी बोली दुभत्या म्हशीवर गेली आणि अजिनाथला घाम फुटला. दिवस मावळायच्या आत लिलाव बंद होणार होता. बंगई चालली होती, आणि ती त्यानंच विकली होती.

तेवढ्यात समोरच्या घरातून पुंजाराम आला. बाजारातला जुना जोडीदार, रोज बंगईवर डाव्या बाजूला बसणारा. त्याच्याकडं मोबाईल होता. त्यावर तो शर्यतीचे बैल बघायचा आणि गेल्या आठवड्यापासून बंगईही.

निकिता दोन हातांच्या अंतरावर बसलेली. बोलायची सोय नव्हती. अजिनाथनं खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर टाकला. सगळा बाजार असाच चालतो. भाव तोंडानं बोलायचा नाही, रुमालाखाली बोटं दाबायची. त्यानं पुंजारामची बोटं धरली आणि दाबली. अजून दाबली. पुंजारामच्या भुवया टोपीला लागल्या.

"एवढी?"

"तुज्या नावानं," अजिनाथ हळूच म्हणाला. "मागं सरू नको."

"तू म्हन्तोस?"

"मी म्हन्तो."

"कंची गाय ओ मामा?" निकितानं विचारलं.

"हाय एक," अजिनाथ म्हणाला.

पुंजाराम घरी गेला. अजिनाथच्या डोक्यात पुढचं सगळं पक्कं होतं: पुंज्या वरची बोली लावणार, ती दोघं गार पडणार, मग पुंज्या म्हणणार, चुकून बोट लागलं. व्यवहार मोडला. बंगई जिथल्या तिथं. पैसे द्यायची गरजच नाही.

शेवटी शेवटी बोली अशी उड्या मारू लागली की निकिता उभीच राहिली. नाशिकची बाई सुटली. हॉटेलवाला वर गेला, कुणीतरी त्याच्याही वर गेलं, तो पुन्हा, ते पुन्हा. मग सगळं शांत झालं.

"गेली!" निकिता ओरडली. "पैसेबी भरले लगेच! कुनी घेतली...?" तिनं नाव वाचलं, मग रस्त्यापलीकडं बघितलं. "मामा, पुंजारामतात्यांनी घेतली?"

पैसे भरले हे ऐकून अजिनाथ बंगईवरून उठला. तो काठी टेकत रस्ता ओलांडून गेला.

"पुंज्या, येड्या, पैसे कशाला भरलेस? मोडायचा हुता सौदा!"

"मोडायचा?" पुंजाराम थंडपणे म्हणाला. "मला कवा सांगितलं?"

"रुमालाखाली!"

"तू बोटं दाबलीस, तेवढा भाव मी दिला. मोडायचा हाय असं कंच्या बोटात हुतं, दाव बरं."

अजिनाथनं आपल्या हाताकडं बघितलं. त्या बोटांत शेकडा होता, हजार होता. खोटंखोटंला बोट नव्हतं. बाजारात त्याची कधी गरजच पडली नव्हती.

"आन् रुमालाखाली दिलेला हात मागं घ्यायचा न्हाई," पुंजाराम म्हणाला, "हे मला शिकवलं कुनी? तूच ना?"

पुंजारामनं मोबाईल पुढं केला. आवाज जरा खाली आला. "खरं सांगू का, आज्या? इतकी वर्सं तुज्या शेजारी बसलो तिच्यावर. कवा दिसली न्हाई. फोटोत दिसली. रातभर मोटा करून बघत बसलो. त्या हॉटेलवाल्याला न्हेऊ देनं झालंच न्हाई मला."

"कंचा फोटो?" अजिनाथनं विचारलं.

"त्यो, तड्याचा."

"व्हय," अजिनाथ म्हणाला. "त्यो झ्याक आलाय." आणि दोन म्हातारे एका मोबाईलवर डोकं लावून उभे राहिले.

सोमवारी बंगई रस्ता ओलांडून पुंजारामच्या ओसरीत टांगली गेली. इकडं पडवीत सोफा आला. त्याचं प्लास्टिक काढायचं नाही असं वैजनाथनं बजावलं होतं, त्यामुळं त्यावर बसलं की माणूस घसरून खाली यायचा. तो पाहुण्यांसाठी होता. पाहुणे बंगई बघायला समोर जायचे.

अजिनाथही चहा झाला की समोर जायचा. ज्या गुडघ्यांना न्हाणीपर्यंत जाववत नव्हतं, ते रस्ता बिनबोभाट ओलांडायचे. कालवडी आता तिकडंच येऊ लागल्या.

"हळू बस," पुंजाराम पहिल्या दिवशी म्हणाला. "फळीला तडा हाय."

"मला सांगतो व्हय?"

अजिनाथ खळग्यात बसला. खळग्यानं त्याला ओळखलं. डाव्या अंगाला कुरकुर झाली. पुंजाराम खांबाला टेकून उभा राहिला, बराच वेळ. उन्हं ओसरीत आली.

"ऊठ की आता," शेवटी तो म्हणाला. "पैसे मी भरलेत. मला बसू दे मदी."

अजिनाथनं पायानं एक झोका घेतला.

"खोड लिव्हली हुती मी," तो म्हणाला. "वाचली न्हाईस?"