सरकारी फोनास पडलेल्या खिंडाराची हकीकत

श्रीवाग्देवता प्रसन्न. जिचे कृपेने मुखातला शब्द तारेत शिरतो आणि दूरच्या कानी उमटतो, तीस आधी वंदन असो. शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरी, पौष मासी, दोन नद्यांमधील मुलखावर श्रीमंत विठोजीराव महाराज राज्य करीत होते. महाराज प्रजेस फार प्रिय, स्वभावे आनंदी, खाण्यापिण्याचे व बोलण्याचे शौकीन. राज्याचा सर्व कारभार फोनावर चाले. कचेरी कचेरीस फोन, वाड्यात फोन, मुदपाकखान्यात फोन, आणि ते सर्व एका सॉफ्टवेअरात गोवून टाकिले होते, म्हणोन हरएकास आपला नंबर होता आणि फोन वाजला की कोण बोलतो त्याचे नाव पडद्यावर उमटे. महाराजांचे नाव उमटले म्हणजे शिक्काच उठला ऐसे लोक मानीत आणि उभे राहून फोन उचलीत. या सर्व फोनांवर दरोगा होते बहिरोपंत. नाव बहिरोपंत परंतु कान तिखट, माणूस प्रामाणिक, काळजी मात्र अतोनात करणारे.

त्याच मासी महाराजांची एकुलती कन्या गोजराबाईसाहेब यांची सोयरीक पैलतीरचे मानाजीराव यांचे चिरंजीव जोत्याजीराव यांशी ठरली. मुलामुलीने एकमेकांस पाहिले, पसंत केले, आणि माघातला मुहूर्त धरिला. राज्यात आनंदीआनंद जाहला. आमंत्रणे फोनावरून सुटली, आचारी फोनावरून ठरले, वाजंत्री ठरले, मांडव पडू लागला. एकच गृहस्थ नाराज होते, ते उत्तरेकडील जहागीरदार खेमराव. त्यांणी आपले पुत्राकरिता गोजराबाईंस मागणी घातली होती आणि ती नाकारली गेली होती. खेमराव वरून हसले, मुबारकी दिली आणि मनात ते शल्य घेऊन आपले गावी परतले.

ऐशा गडबडीत मैनाबाई तारळेकर नामे एक बाई आपले मावशीकडे पाहुणी म्हणोन शहरी आली. किल्ल्याचा तट जैसा जाणकार ठोकून पाहतो आणि कोठे पोकळ वाजते ते सांगतो, तैसा सॉफ्टवेअर ठोकून पाहण्याचा तिचा धंदा, आणि त्यात ती नावाजलेली. सरकारी फोनाचे सॉफ्टवेअर कोणते हे कळताच ती बहिरोपंतांचे कचेरीत आली आणि सांगो लागली की, या सॉफ्टवेअरास खिंडार आहे. कारभार चालविण्याचे जे पान, त्याचे पत्त्याशेवटी एक चिन्ह अधिक लिहिले की पासवर्ड न विचारताच दार उघडते. आत शिरला तो वाटेल त्याचा नंबर आपलासा करील, खुद्द महाराजांचा देखील, आणि त्या नावाने राज्यभर बोलेल. बनविणारांनी दुरुस्त केलेली नवी आवृत्ती आधीच काढिली आहे, ती तेवढी चढवावी. बहिरोपंतांनी विचारिले, तुम्ही आत शिरला होता काय. तेव्हा ती बोलिली, "दाराला हात लावला, ते उघडले. पाऊल आत टाकले नाही, तशीच तुमच्याकडे आले."

बहिरोपंतांस धास्ती पडली. मागे एकदा नवी आवृत्ती चढविता सारे फोन मुके जाहले होते आणि त्याच दिवशी महाराजांचे तोंडी लागलेली बासुंदी मुदपाकखान्यास सांगता आली नव्हती, त्याची बोलणी त्यांणी भर दरबारात खाल्ली होती. आता तर घरचे कार्य. फोन मुका पडला तर मांडवच अडेल. त्यांणी मैनाबाईस चहा पाजला, मान डोलाविली आणि लग्न पार पडो, मग पाहू ऐसे म्हणोन वाटेस लाविले. तिने दारात पुनः एकदा विनविले. पंत म्हणाले, चालत्या गाडीचे चाक कोणी काढते काय.

पुढे माघ लागला आणि अघटित वर्तले. सकाळीच आचाऱ्यांस फोन गेला की चुली विझवा. वाजंत्र्यांस गेला की सनई परत न्या. पाहुण्यांस गेला की येऊ नये. फोनावर नाव महाराजांचे, आवाज मात्र बसलेला, घोगरा. विचारिले तर थंडी बाधली ऐसे उत्तर. आणि मग पैलतीरी मानाजीरावांस त्याच नावाने फोन गेला की, आमचे मन फिरले, तुमचे घराणे आमचे तोलाचे नव्हे, सोयरीक मोडिली. मानाजीराव मानी पुरुष. त्यांणी फोन ठेविला, दारचे तोरण उतरविले आणि इकडून आलेला शालू, नारळ, सर्व घोड्यावर घालून परत पाठविले. इकडे महाराज मांडव पाहावयास आले तो मांडव अर्धा उतरलेला, चुली गार, आणि समोर परत आलेला शालू. महाराजांचे तोंडचे पाणी पळाले. असा हसरा पुरुष, पण मांडवाचे खांबास टेकून खालीच बसला.

मग बहिरोपंतांस पाचारण जाहले. त्यांचे ध्यानी आले की शत्रू त्याच खिंडारातून शिरला. भयाने त्यांची बुद्धी ढळली आणि ते बोलोन गेले की, हे खिंडार एका बाईसच ठाऊक होते, तीच शिरली असावी. लगेच शिपाई सुटले आणि मैनाबाईस मावशीचे घरून, पोळ्या लाटीत असता, धरून चावडीत बसविले. मावशीने फार आक्रोश केला. लोकही म्हणो लागले की, जिला वाट माहीत तीच चोर.

हे वर्तमान गोजराबाईंस कळले. त्यांचे डोळे रडून सुजले होते, परंतु त्या उठल्या, तोंड धुतले आणि पायीच चावडीवर गेल्या. त्यांणी मैनाबाईस विचारिले, खरे सांग, तू केलेस काय. मैनाबाईचे हातास पीठ तसेच होते. ती बोलिली, "बाईसाहेब, चोर सांगून येत नाही. मी तर आधी सांगून आले होते." गोजराबाईंनी चौकशीस तेथेच बसलेल्या बहिरोपंतांकडे पाहिले. पंतांस ती नजर सोसवेना. त्यांणी पागोटे काढून हाती घेतले आणि सर्वांदेखत बोलिले की, बाईने दोनदा सांगितले, म्यां भयाने टाळिले, आणि आता भयानेच तिजवर कुभांड घेतले, अपराध माझा. गोजराबाईंनी स्वहस्ते मैनाबाईस उठविले आणि विचारिले की आता काय करावे. मैनाबाई म्हणाली, खिंडार बुजविणे सोपे आहे, दुपारभराचे काम. परंतु आजच बुजविले तर चोर हाती लागणार नाही, आणि मानाजीरावांचे मनातला किंतु जाणार नाही. फोनावर आता कोणाचा विश्वास नाही, म्हणोन तिकडे कोणीतरी जातीने जावे.

तेव्हा गोजराबाई स्वतः निघाल्या. नवरी मुलगी आपण होऊन सासरी जाते हे कोणी पाहिले नव्हते, परंतु महाराज म्हणाले, जाऊ द्या. त्या नावेने नदी उतरल्या आणि मानाजीरावांचे सदरेवर जाऊन उभ्या राहिल्या. मानाजीरावांनी तोंड फिरविले. गोजराबाई बोलिल्या, "मामंजी, आमचे आबासाहेब फोन उचलला की आधी जेवलात का म्हणोन विचारितात. सोयरीक मोडावयाची असती तरी आधी जेवणाचे विचारिले असते. त्या फोनावर तुम्हांस कोणी विचारिले काय?" मानाजीरावांनी आठवून पाहिले. पडद्याआडून त्यांचे कुटुंब म्हणाले, नाही विचारिले, आणि मीही तेव्हाच म्हटले होते की व्याही ऐसे कोरडे कसे बोलिले. जोत्याजीराव तर केव्हाचे घोड्यावर जीन घालून उभे होते. मग मानाजीरावांचा राग उतरला आणि ते म्हणाले की, चला, तुमचे आबांचे तोंडूनच ऐकतो.

इकडे मैनाबाईने बहिरोपंतांस शेजारी बसवून फोनाची ऐशी तजवीज केली की, महाराजांचे चोरलेले नंबरावरून जो फोन निघेल तो कोठेही न जाता दरबारचे फोनावर यावा. आणि गावात हूल उठविली की मानाजीराव नरमले, लग्न होणार. चोर असेल तर हे ऐकून स्वस्थ बसणार नाही. दुसरे दिवशी भरदुपारी दरबार भरला. गादीवर महाराज, उजवीकडे मानाजीराव, सारी सभा फोनाकडे पाहात बसली. फार वेळ फोन वाजेना. महाराजांनी बत्तासे मागविले आणि ते वाटिले जात असताच फोन खणखणला. पडद्यावर नाव उमटले, विठोजीराव महाराज. खुद्द महाराज समोर, दोन्ही हातांत बत्तासे. मैनाबाईने स्पीकर चालू केला आणि मानाजीरावांस खूण केली. ते म्हणाले, बोलावे. तो घोगरा आवाज सभेत घुमला की, आम्ही विठोजीराव महाराज, आवाज अद्याप बसलेला आहे, कन्या हट्टाने तुमचेकडे आली, तिचे बोलणे मनावर घेऊ नये, सोयरीक होणे नाही.

महाराज पुढे वाकले आणि फार अदबीने बोलिले, "विठोजीराव महाराज तिकडे आहेत, तर इकडे गादीवर बत्तासे खात कोण बसला आहे, तेवढे आपणच सांगावे."

मग तोच आवाज हळूच म्हणाला, "राँग नंबर."

सभा हास्यात बुडाली. मानाजीराव डोळे पुसत म्हणाले, हा आवाज बसलेला नव्हे, हा जन्माचाच असा, हे तर आमचे खेमराव. स्वार गेले आणि खेमरावांस मानाने घेऊन आले. त्यांणी कबूल केले की, सॉफ्टवेअरात शिरणारा एक कसबी माणूस पदरी ठेविला होता, आणि नकाराचा सल सोसवेना म्हणोन हे केले. पुत्राचे मनात तर काहीच नव्हते, त्याने दुसरीकडे केव्हाच पसंत केली होती, हे त्यांस आताच कळले होते. शासन काय करावे हे महाराजांनी कन्येवर सोपविले. गोजराबाई बोलिल्या, "ज्या तोंडाने लग्न मोडल्याचे सांगितले, त्याच तोंडाने लग्न आहे म्हणोन सांगत फिरावे. फोनावर नव्हे, प्रत्येकाचे उंबऱ्यावर जाऊन."

मग खेमराव गावोगाव फिरले. पहिले घरी मान खाली घालून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. परंतु लोक भले, त्यांणी आत बोलाविले, गूळपाणी दिले, कोणी भाकर दिली, आणि हळूहळू खेमरावांस त्या कामात गोडी लागली. कोठे म्हाताऱ्यांशी गप्पा, कोठे बाळाचे बारसे, ऐसे करिता करिता ज्या मुलखाचा त्यांणी दावा धरिला होता तो सारा त्यांचे ओळखीचा जाहला. लग्नास फोनावरील आमंत्रणाने आले असते त्याहून अधिक लोक आले, मांडव पुनः वाढवावा लागला, सनई पुनः आली, आणि पंगतीत खेमराव स्वतः घोगऱ्या आवाजात आग्रह करकरून जिलबी वाढीत होते. मंगलाष्टके जाहली, अक्षता पडल्या, महाराज रडले आणि लगेच जेवावयास बसले.

खिंडार बुजविल्यावर मैनाबाईस पोशाख देऊन काय हवे ते मागण्यास सांगितले. तिने मागितले की, दर मासी एक दुपार सर्व फोन बंद ठेवावे, म्हणजे सॉफ्टवेअर तपासोन, नवी आवृत्ती चढवोन, खिंडारे बुजविता येतील, आणि फोन मुका पडला म्हणोन कोणा दरोग्यास बोलणी बसू नयेत. बहिरोपंतांचे डोळ्यांस पाणी आले. महाराजांनी मान्य केले आणि डंका पिटविला. पहिले दुपारी लोक चुकल्यासारखे जाहले. मग कोणी बहिणीकडे गेले, कोणी शेजाऱ्याकडे, कचेऱ्यांतून सोंगट्यांचे डाव पडले, आणि हळूहळू त्या दुपारची लोक सणासारखी वाट पाहो लागले. पैलतीरीहून गोजराबाईही त्याच दुपारी नावेने माहेरी येऊ लागल्या.

तात्पर्य इतुकेच की, आपले घराचे खिंडार जो दाखवितो त्यास पाट द्यावा, बेडी देऊ नये, आणि दुरुस्तीस सवड काढावी. जैसे ऐकिले तैसे लिहिले. त्या राज्यात आजही ती दुपार पाळितात, आणि त्या दुपारी राजवाड्यात फोन केलात तर कोणी उचलणार नाही. सारे अंगणात बसले असतात, आणि महाराज येणाऱ्या जाणाऱ्यास हात करून बोलावीत असतात.