लाल ठिपका

इंजिनाचं टायमिंग लावणं म्हणजे काय मोठं शास्त्र आहे का? चाकावरची खूण खालच्या रेघेशी जुळवली, की ठिणगी वेळेवर पडते. संपलं! सासऱ्यांच्या होडीचं जुनं इंजिन उघडताना मी बायकोला असं छाती फुगवून सांगितलं.

"जपून हं! आई गेल्यापासून दोन वर्षं बाबा होडीत बसलेले नाहीत. उद्या सुरू झाली नाही तर विकून टाकणार म्हणतात."

जपूनच केलं हो! चाक इतकं मळलेलं, की बघवेना. थिनरने घासघासून लख्ख केलं. एक लाल डाग तर सुटता सुटेना, पण मी हार मानणारा नव्हे! मग खूण शोधू लागलो. एक ओरखडा दिसला. तो रेघेशी जुळवून मोकळा झालो.

सकाळी सासरे होडीत बसले. मी दोरी ओढली. फट्! पुन्हा ओढली. फटाक्! तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं. मी ऐटीत गिअर पुढचा टाकला आणि होडी निघाली, ती मागे! थेट धक्क्यावर! तिथे उभ्या बायकोनं किंकाळी फोडली. सासऱ्यांनी झडप घालून इंजिन बंद केलं, तेव्हा धक्का हातभर उरला होता.

"उलटं फिरतंय. जावईबापू, लाल ठिपक्याशी जुळवलं होतंत ना?"

"ठिपका? तो... डाग नव्हता?"

"आईचं नेलपॉलिश होतं ते," बायको हळूच म्हणाली. "बाबांनी पहिल्यांदा टायमिंग लावलं, तेव्हा तिनं लावलेलं."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण होडीत धरणी कुठली!

सासरे रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते झाकण काढून बसले. माझ्याकडून दोरी ओढवून घेत, कान लावून, केसभर इकडे, केसभर तिकडे. तासाभरानं इंजिन शहाण्यासारखं चालू लागलं.

"असाच आवाज तिला आवडायचा," ते म्हणाले आणि डोळे पुसले.

बायको पळत घरी जाऊन आईची बाटली घेऊन आली. तळाशी थोडंसं उरलं होतं. सासऱ्यांनी ब्रश धरला, तिनं त्यांचं मनगट. दोघांनी मिळून ठिपका दिला. मग सासऱ्यांनी माझा अंगठा पकडला आणि उरलेलं नेलपॉलिश त्याच्या नखाला फासलं!

"हीसुद्धा खूण. हा अंगठा पुन्हा इंजिनाला लागता कामा नये!"

बापलेक फिरायला गेले. मी धक्क्यावर.

सोमवारी ऑफिसात सगळे नख बघून हसले. घरी अर्धी बाटली थिनर आहे. पण पुसायला काही हात धजावत नाही!