फळ्यावरची रखमा

धोंडू परबने खडू खिशात टाकला, दोन पावलं मागे सरकून फळ्याकडे बघितलं आणि स्वतःवरच खूश झाला. अक्षर काय, मोती! तीस वर्षं हॉस्पिटलात वॉर्डबॉय म्हणून काढली, पण परळच्या त्या चाळीत त्याची वट होती ती ह्या फळ्यामुळे. चाळीच्या दारातल्या फळ्यावर लिहायचं काम त्याचं. पेपर कुणी वाचो न वाचो, फळा सगळे वाचायचे.

आजचं काम मात्र जोखमीचं होतं. गेल्या ऑगस्टात तळमजल्यात कमरेएवढं पाणी भरलं. पाच नंबरातली जाईबाई, वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले, खाटेवर बसून राहिली. पाणी खाटेला लागलं तरी कुणाला तिची आठवण नाही. शेवटी धोंडू आणि त्याची बायको रखमा, दोघांनी मिळून तिला कशीबशी उचलून जिन्यावर नेली. आणि त्या पावसाची खबर सकाळीच आलेली, बरं का! उपग्रह एका देशाचा, कॉम्प्युटर दुसऱ्याचे, पैसे तिसऱ्याचे. एवढे देश एकत्र आले, आणि खबर उतरली कुठे? फोनमध्ये, इंग्रजीत, लोनच्या मेसेजांखाली. कोण वाचतंय?

ते त्या देशांनाही कळलं. त्यांनी फणसवाडीतल्या वैदेही मॅडमना पाठवलं, सोबत केनियाचे ओटिएनोसाहेब, पावसापाण्यातले जाणकार. मॅडमनी विचारलं, "इथे सगळे काय वाचतात?" धोंडू म्हणाला, "फळा." मग ठरलं. आज चार वाजता तालीम. तळमजल्याच्या चौदा खोल्यांपैकी दहा जरी वेळेत दुसऱ्या मजल्यावर चढल्या, तर भोंगा आणि पाणी उपसायचा पंप ह्या चाळीला. नाहीतर दोन्ही मागच्या गल्लीतल्या चाळीला.

फळ्यावर काय लिहायचं त्याचा नमुना मॅडमनीच दिला होता. वर जबाबदार व्यक्तीचं नाव आणि खोली, शक्यतो बाई असावी. मग वेळ, मग जागा. धोंडूने तसंच्या तसं उतरवलं: 'रखमा धोंडू परब, खोली नं. ४. आज दुपारी ठीक चार वाजता. सर्वांनी दुसऱ्या मजल्यावर यावे.'

आणि मोठं नाव लिहिलं की हाताला जी खोड होती, ती हाताने केलीच. नावाभोवती खडूने झेंडूचा हार काढला. आता गेल्या वीस वर्षांत त्या फळ्यावर ज्याचं नाव हारात आलं, त्याला चाळीने खांदा दिलेला. हे धोंडूच्या डोक्यातच आलं नाही. रखमा असती तर बोलली असती, पण ती पाहुण्यांसाठी चिवडा आणि नारळ आणायला दादरला गेलेली, आणि फोन घरात चार्जिंगला.

साडेतीनला नऊ नंबरातला शिवा धावत आला आणि धोंडूच्या गळ्यातच पडला.

"काका, काय झालं हो हे अचानक?"

"अचानक कसलं? महिनाभर चाललंय."

"महिनाभर? आणि आम्हाला पत्ता नाय?"

"सांगितलं की तुला! तूच बोललास, टाइम नाय."

शिवाचं तोंड एवढंसं झालं. "काकीच्या मनाची तयारी होती?"

"अरे, तीच पुढे झाली. बोलली, कुणीतरी जायलाच पाहिजे पुढे, माझं नाव टाका."

शिवा डोळे पुसत निघून गेला. धोंडूला वाटलं, पोरगा भलताच हळवा झालाय, पण येणार नक्की. तेवढ्यात समोरची बकुळा आली, हातात हार.

"भावजी, चार वाजताच? गाववाल्यांची वाट नाय बघायची?"

"गाववाले कशाला? केनियाहून माणूस आलाय."

बकुळा मटकन पायरीवर बसली. "केनियात पण तुमचं कोण आहे? एवढ्या वर्षांत रखमा कधी बोलली नाय!"

"रडतेस काय? पाच मिनिटांचं काम. वर जायचं, खाली यायचं."

"वर गेलेलं कोण खाली येतं हो भावजी?" म्हणत तिने जो गळा काढला, की बाकीच्या तेरा खोल्यांची दारं धाडधाड उघडली.

मग धोंडूने जन्मात बघितलं नव्हतं ते बघितलं. ज्या चाळीत मीटिंगला सहा डोकी जमत नाहीत, ती अख्खी चाळ जिना चढायला लागली. म्हातारे, तान्ही मुलं, नाइटवाले झोपेतून उठून. चौघांनी जाईबाईला खुर्चीसकट उचललेली, आणि ती वरून ओरडतेय, "रखमाचा तोंड बघल्याशिवाय मी ऱ्हवचंय नाय! हळू धरा रे!" धोंडू कठड्याला टेकून मोजत होता. बारा. तेरा. चौदा! मागच्या गल्लीच्या नाकावर टिच्चून पंप आपला!

शिवा आला तो खांद्यावर बांबू आणि हातात मडकं घेऊन.

"बांबू कशाला? भोंगा बांधायला?" धोंडूने विचारलं.

"काका, तुम्हाला शॉक बसलाय. बसा तुम्ही. फक्त एवढं सांगा, काकीला दुसऱ्या मजल्यावर का ठेवलंय? जिना अरुंद आहे, उतरवणार कशी?"

"ठेवलंय? ती तर दादरला गेली."

"दादरला?" शिवाच्या हातातलं मडकं सुटता सुटता राहिलं. "म्हणजे नेली पण? आम्हाला न सांगता?"

धोंडूने मडक्याकडे बघितलं. बांबूकडे बघितलं. बायकांच्या हातातल्या हारांकडे बघितलं. तसाच धडपडत खाली गेला आणि फळ्यासमोर उभा राहिला. स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात बायकोचं नाव, भोवती हार. क्षणभर त्यालाही खरंच वाटलं.

"काय बघतास?" मागून आवाज आला. दोन हातांत दोन पिशव्या, रखमा. तिने फळा वाचला. परत वाचला. पिशवीतला नारळ गडगडत गटारापर्यंत गेला.

"अहो, माका कधी मारलात?"

धोंडू नुसता तिचा दंड चाचपत राहिला.

तेवढ्यात मॅडम आणि ओटिएनोसाहेब आले, आणि त्यांच्या मागोमाग हे दोघे वर चढले. रखमाला जिवंत बघून बकुळाने अशी किंकाळी फोडली की कबुतरं उडाली. ती घाबरून मागे सरली ती साहेबांवर आदळली. साहेबांना वाटलं स्वागत आहे. त्यांनी मान वाकवून तिच्या हातातला हार घालून घेतला आणि सगळ्यांना नमस्कार केला.

"चौदाच्या चौदा!" मॅडम घड्याळ बघत ओरडल्या. "आणि चार वाजायच्या आत! काका, केलंत काय तुम्ही?"

गप्प बसला असता तर पंप खिशात होता. पण शिवा बांबू धरून खुनशी नजरेने बघत होता, आणि रखमाच्या नजरेबद्दल तर बोलायलाच नको. धोंडूने सगळं सांगून टाकलं. "मॅडम, हे लोक तालमीला नाय आलेत. मयताला आलेत."

मॅडमनी साहेबांना ते कसंबसं इंग्रजीत सांगितलं. ओटिएनोसाहेबांनी गळ्यातल्या हाराकडे एकवार बघितलं. मग ते बोलले ते मॅडमनी मराठीत सांगितलं, "आमच्याकडे पण असंच. पावसाची खबर घेऊन एका गावात तीन दिवस फिरलो, माणूस आला नाही. चौथ्या दिवशी एक आजोबा गेले, तर डोंगर उतरून सातशे आले. पंप तुम्हाला दिला. पण खऱ्या पावसात नाव कुणाचं लिहिणार?"

गॅलरीत सगळे आपापल्या चपला बघायला लागले. शेवटी खुर्चीतून जाईबाई बोलली.

"माझा लिवा. मेल्यावर चौघे येतलेच. एकदा जिती असताना येवंदेत."

कुणी हसलं नाही. गेल्या ऑगस्टाची आठवण सगळ्यांनाच झाली होती.

पंधरा दिवसांनी सकाळी खबर आली, दुपारी धो धो पडणार. धोंडूने फळ्यावर लिहिलं, 'जाईबाई, खोली नं. ५', भोवती हार. म्हातारी जिवंत आहे हे सगळ्यांना ठाऊक, तरी भोंगा वाजला तशी चाळ आधी पाच नंबराकडे धावली. शिवा सर्वांत पुढे, हातात खुर्ची. दार उघडं. खाट रिकामी.

बकुळाने पदर तोंडाला लावला. "अरे, खरंच गेली की काय?"

"वर बघा मेल्यांनो!"

दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून जाईबाई डोकावत होती. काखेत पिशवी, घामाने निथळलेली.

"आजी, तू चढलीस कशी?" शिवा ओरडला. "आणि थांबायचं ना! तूच बोललीस ना, माझं नाव लिवा, न्यायला या?"

"बोलना येगळा रे," जाईबाई दम खात म्हणाली. "हारात आपला नाव दिसला, मगे गुडघे कसले दुखतत?"