गाडी कुठे लावली होती?

"सरकारचा पैसा घेणारा पशुपालक म्हणजे दावणीला बांधलेला वाघ!" वेंडेल होफस्टॅड रोज सकाळी लॉरीनच्या कॉफीच्या दुकानात गर्जत असे. शेजारच्या कुरणांचे मालक मर्ल आणि ओर्विल माना डोलावत. त्या साली तिघांच्याही कुरणांत गवत कमी आणि टोळ जास्त होते.

दुष्काळी अनुदानाच्या अर्जाची मुदत शुक्रवारी संपणार होती, तेव्हा वेंडेलच्या बायकोने, इर्माने, तोंड उघडलं. "तत्त्वं चघळून गाई जगणार असतील तर जाऊ नकोस. नाहीतर तुझ्या बापानं जोपासलेल्या लाल गाई लिलावात उभ्या कर."

"जातो. पण कुणाला सांगायचं नाही. शपथ घे."

इर्माने शपथ घेतली.

अडचण गाडीची होती. ड्राय फोर्क गावात माणसाचं तोंड कुणी बघत नाही, गाडी बघतात. आणि वेंडेलच्या हिरव्या गाडीचा एक दरवाजा पांढरा होता. अनुदान कचेरी नेमकी लॉरीनच्या दुकानासमोर. तेव्हा त्याने गाडी अंत्यविधी-गृहामागे, शवगाडीच्या आडोशाला लावली. जिवंत माणूस तिथे हौसेने फिरकत नाही. मग बोळातून तो कचेरीच्या मागच्या दाराने आत शिरला.

"गुरं किती, काका?" टेबलामागच्या मुलीने विचारलं.

वेंडेलचा चेहरा लाल झाला. त्या मुलखात गुरं विचारणं म्हणजे बँकेतली शिल्लक विचारणं; सख्खा भाऊही विचारत नाही. "आहेत पुरेशी."

"'पुरेशी' हा आकडा संगणक घेत नाही."

त्याने हाताआड आकडा लिहून दिला. तेवढ्यात मागच्या दाराशी बूट वाजले. वेंडेल उडी मारून सामानाच्या खोलीत शिरला आणि झाडू-बादल्यांमध्ये उभा राहिला. बूट गेले, दुसरे आले, तेही गेले. सगळं शांत झालं तेव्हा दुपार कलली होती.

घरी पोचला तर अंगणात गाड्याच गाड्या. ओसरीवर भाजलेल्या खिमा-बटाट्याची भांडी मांडलेली. त्या गावात कुणी गेलं की आधी बटाटे येतात, मग अश्रू. मधोमध इर्मा, तिला मिठी मारून लॉरीन रडत होती.

"धक्क्यानं वाचा गेलीय बिचारीची!"

वाचा शपथेने गेली होती.

वेंडेल गाडीतून उतरला. कुणीतरी किंचाळलं.

"अरे, मी जिवंत आहे!"

"मग गाडी अंत्यविधी-गृहामागे कशाला?" लॉरीनने डोळे पुसत विचारलं.

वेंडेल सुचेल ते बोलून गेला. "शवपेटीचे भाव विचारायला."

आता पुरुषांनीही टोप्या काढल्या. पाद्रीबुवांनी त्याचा खांदा धरला. "डॉक्टरांनी किती मुदत दिली, वेंडेल?"

"मुदत शुक्रवा..." वेंडेलने जीभ चावली.

"शुक्रवार!" लॉरीनने पुन्हा हंबरडा फोडला.

मर्ल गहिवरून पुढे आला. "काळजी करू नकोस, गड्या. तुझ्या लाल गाई मी घेईन. वहिनीला वाजवी भाव देईन."

हे मात्र वेंडेलला सोसवेना. मरण परवडलं, पण लाल गाई मर्लच्या कुरणात? "थांब. माझी गाडी तिथं होती, हे सांगितलं कुणी?"

"मीच पाहिली, या डोळ्यांनी."

"शवगाडीच्या आड होती. रस्त्यावरून दिसत नाही. तू मागं कशाला गेला होतास?"

मर्ल आपल्या बुटांकडे पाहू लागला.

"खोटं नाही बोलत तो," ओर्विल मित्राच्या मदतीला धावला. "मी पण पाहिली ना! याच्या गाडीला खेटूनच मर्लची होती. मला तर लावायला जागाच..."

ओर्विल थांबला, पण उशीर झाला होता. सगळे त्या तिघांकडे बघू लागले. एक टोळ लॉरीनच्या टोपीवर चढत होता.

इर्माने ताटल्या आणल्या. "बसा सगळे. मेलं कुणी नाही, पण बटाटे गार होताहेत."

तिघे एकाच बाकावर बसले. मग ओर्विल हळूच म्हणाला, "पुढच्या खेपेला दातांच्या दवाखान्यामागे गाड्या लावू या. तिथं ऐसपैस जागा आहे."

"नाही," पाद्रीबुवा बटाटे वाढून घेत म्हणाले. "तिथं माझी असते. माझ्याही थोड्या मेंढ्या आहेत."