गव्याच्या मागे धावलेला पुरावा

एका जंगलात, मुलांनो, चोऱ्या अजिबात होत नव्हत्या. निदान वाघमहाराजांच्या गुहेतून तरी तसंच दिसायचं.

घरट्यांतून मात्र वेगळं दिसायचं. रानकोंबडी पाणी प्यायला जायची आणि परत येईपर्यंत तिची अंडी गायब. तितराचं तेच, लाव्याचं तेच. ही अंडी गुपचूप नदीपलीकडे जायची. तिकडच्या बड्या मंडळींना इकडची अंडी फार आवडत. बदल्यात तिकडून सुके मासे यायचे.

हा धंदा होता अप्पाशेठ उदमांजराचा. शेठ झाडावर राहायचे आणि पाण्याला घाबरायचे. त्यांच्या घरी मासे दिसले असते तर कुणीतरी विचारलंच असतं, शेठ, हे कुठून आलं? म्हणून मासे आधी बगळ्याकडे जायचे. बगळ्याकडे मासे असणारच. तो दिवसभर एका पायावर डोळे मिटून उभा असतो, त्याच्यावर संशय कोण घेणार? बगळा ते मासे 'अनाथ अंडी कल्याण मंडळा'ला दान करायचा. मंडळ ते आपल्या अध्यक्षांना मानधन म्हणून द्यायचं.

अध्यक्ष कोण? बरोबर ओळखलंत. तुम्ही लहान आहात, म्हणून लगेच ओळखलंत. सरकारला जरा वेळ लागला.

सरकार जागं झालं, पण अंड्यांसाठी नाही. आजूबाजूच्या जंगलांची एक परिषद होती. तिने जाहीर केलं की या जंगलात चोरटा व्यापार चालतो. वाघमहाराजांना परिषदेच्या मेजवानीचं आमंत्रण आलं नाही. अंडी गेली तेव्हा महाराज झोपले होते. मेजवानी गेली तेव्हा त्यांनी अशी डरकाळी फोडली की माकडांच्या हातातली फळं खाली पडली.

लगेच तस्करीविरोधी पथक निघालं. प्रमुख म्हणून गवासाहेबांची नेमणूक झाली. ते प्रचंड होते, शूर होते आणि प्रामाणिकही होते. त्यांची अडचण एवढीच होती की मान खाली घालून धावताना त्यांना फक्त समोरचं दिसायचं. मदतनीस म्हणून कोतवाल पक्षी आला. त्याला नोकरी नावामुळेच लागली. आणि मानद सल्लागार म्हणून समाजातली एक प्रतिष्ठित व्यक्ती घेतली. तीही तुम्ही ओळखलीत. जाऊ द्या.

पथकाने धडाक्यात काम सुरू केलं. तोंडात काहीही घेऊन जाणाऱ्याने ते कुठून आणलं हे सांगायचं. मुंग्यांची रांग नाक्यावर अडली ती हलेचना. खारीचा उन्हाळ्याचा साठा जप्त झाला. मग पहिली मोठी कारवाई झाली. कावळिणीच्या घरट्यात परकी अंडी सापडली.

ती बिचारी शपथेवर सांगत होती की साहेब, ही माझीच आहेत. साहेबांनी तपास करून सिद्ध केलं की ती कोकिळेची आहेत. कावळीण ढोलीत, म्हणजे कोठडीत गेली. साहेबांचा सत्कार झाला. सत्कारात स्वागतगीत कोकिळेने गायलं.

आता सगुणेकडे येऊ या. सगुणा म्हणजे टिटवी. टिटवी ओरडली की वाईट घडतं, असं लोक म्हणतात. खरं तर वाईट घडत असतं म्हणून ती ओरडते, पण एवढा विचार कोण करतो?

टिटव्या घरटं बांधत नाहीत. नदीकाठच्या गोट्यांमध्ये गोट्यांसारखीच दिसणारी अंडी घालतात आणि पहारा देतात. सगुणेची चार अंडी तिथेच होती. पहारा देताना तिला सगळं दिसायचं. करवंदाच्या जाळीमागे कपार होती, तिथे अप्पाशेठचा माल साठायचा आणि तिथून नदीपार जायचा.

ती सरळ पथकाकडे गेली आणि पत्ता सांगितला.

गवासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, चोराचा पत्ता तुम्हाला कसा माहीत?"

"साहेब, मी तिथेच शेजारी राहते."

"म्हणजे तुमचा चोराशी शेजार आहे," असं म्हणून साहेबांनी कोतवालाकडे पाहिलं. कोतवालाने मान डोलावली.

प्रकरण सल्लागारांकडे गेलं. अप्पाशेठ खूप गंभीर झाले. त्यांनी सल्ला दिला की जी अंडी घरट्यात नाहीत ती बेवारस समजावीत, आणि बेवारस अंडी जप्त करून अनाथ अंडी कल्याण मंडळाकडे सुरक्षित ठेवावीत. साहेबांना हे पटलं. शेठचं डोकं चालतं, असं ते कौतुकाने म्हणालेसुद्धा.

मुलांनो, जरा थांबून बघा. आता अप्पाशेठला अंडी चोरायचीसुद्धा गरज उरली नव्हती. सरकार घरपोच देणार होतं.

जप्तीची सुरुवात सगुणेपासून होणार होती. सकाळी पथक नदीकाठी आलं. सगुणा खूप ओरडली, पण तिचं ओरडणं कोतवालाने अडथळा म्हणून धरलं. साहेबांचे खूर गोट्यांवर करकरू लागले. अजून थोडं पुढे आले असते तर जप्ती करायला अंडी उरलीच नसती.

तेव्हा सगुणेने आईने शिकवलेली युक्ती केली. प्रत्येक टिटवीला तिची आई ही शिकवतेच. शत्रू अंड्यांजवळ आला की एक पंख मोडल्यासारखा लोंबता सोडायचा आणि लंगडत लांब पळायचं. शत्रूला लंगडं सावज फार आवडतं. पथकालाही आवडायचं.

"आरोपी पळाली, साहेब," कोतवाल म्हणाला.

गवासाहेबांनी मान खाली घातली. सगुणा लंगडत पुढे, साहेब धडाडत मागे. ती मध्येच पडायची, मध्येच उठायची, अंतर कमी होऊ द्यायची, पण संपू द्यायची नाही. आजवर या युक्तीत टिटव्या कुठेही पळत. सगुणा मात्र नेमकी करवंदाच्या जाळीकडे पळाली. जाळीपाशी पोचताच तिचा पंख एकदम बरा झाला आणि ती वर उडाली.

साहेबांना उडता येत नव्हतं. थांबताही आलं नाही. जाळी तोडून, शिंगांवर करवंदं मिरवत ते थेट कपारीत जाऊन पडले.

आत अंड्यांच्या राशी होत्या. पलीकडे बगळा मासे निवडत होता. दोन्ही पायांवर उभा.

शेजारी अप्पाशेठ अंडी मोजत होते, पण ते डगमगले नाहीत. "या साहेब, या. मंडळाच्या नव्या केंद्राचं उद्घाटन तुमच्याच हस्ते करायचं होतं. जरा लवकर आलात, एवढंच."

साहेबांना बरं वाटलं. ते उद्घाटनाचे चार शब्द आठवू लागले, आणि तेवढ्यात टक् असा आवाज झाला.

झालं होतं असं, की परिषदेची पाहुणी नदीपलीकडून पाहणीला यायची होती, म्हणून शेठने माल पाठवणं थांबवलं होतं. शेठ थांबले, पण अंडी थांबत नाहीत. उन्हाळ्याने कपार तापली होती. एक फुटलं, मग दुसरं, मग सगळीकडे टक् टक् टक्. रानकोंबडीची, तितराची, लाव्याची पिल्लं बाहेर आली. त्यांनी डोळे उघडले, तर समोर गवासाहेब.

पिल्लांचा नियम सोपा असतो. डोळे उघडल्यावर जी समोर दिसते ती आई.

साहेब उठले, पिल्लं उठली. साहेब बाहेर आले, पिल्लंही आली. साहेबांनी हाकललं, ती पोटाखाली शिरली. पायाखाली एखादं सापडेल म्हणून ते पाऊल जपून टाकू लागले. शेठ मागून सुचवत होते की साहेब, आधी माझा सल्ला घ्या. पण पिल्लं सल्लागार नेमत नाहीत. ही सगळी वरात गुहेसमोर पोचली. तिथे परिषदेची हत्तीणबाई वाघमहाराजांसोबत ऊस खात बसली होती.

"ही कुणाची?" तिने विचारलं.

गवासाहेब आयुष्यात खोटं बोलले नव्हते. "पुरावा आहे, बाई," ते म्हणाले. "अप्पाशेठच्या कपारीतला. माझ्या मागेच लागलाय."

गर्दीतून रानकोंबडी ओरडत धावली. तिने आपली पिल्लं ओळखली. तितर आला, लावा आला. आता हे प्रकरण सल्लागारांकडे पाठवणं अवघड होतं.

अप्पाशेठ कोठडीत गेले, बगळाही गेला. महाराजांनी पाहुणीला सांगितलं की ही मोहीम आम्ही पहिल्या दिवसापासून आखली होती. त्यांना मेजवानीचं आमंत्रण मिळालं. गवासाहेबांना पदक मिळालं, पण एक लाव्याचं पिल्लू त्यांच्या शिंगावरून उतरायला तयार नव्हतं, म्हणून पदक शेपटीला बांधावं लागलं. कावळीण सुटली. तोवर कोकिळेची पिल्लं बाहेर आली होती. त्यांना न्यायला कुणी आलं नाही, म्हणून ती तिच्याच हवाली केली.

आणि सगुणा? पंख मोडल्याचं खोटं दाखवून सरकारी पथकाची दिशाभूल केली, म्हणून तिला नोटीस निघाली. शिवाय चार बेवारस अंड्यांची जप्ती बाकी होतीच. कोतवाल नोटीस घेऊन नदीकाठी गेला, तर गोट्यांमध्ये नुसती टरफलं. चार पिल्लं काठाने तुरुतुरु पळत होती. आदेश अंड्यांचा होता, पिल्लांचा नव्हता. कोतवालाने टरफलं जप्त केली आणि परत गेला.

जाताना त्याने वळून पाहिलं. सगुणा पिल्लांना लंगडायला शिकवत होती.

तात्पर्य : सरकारला चोर पकडून द्यायचा असेल, तर चोराचा पत्ता सांगू नये. आपण निरपराध असावं, आणि लंगडत त्या पत्त्याच्या दिशेने पळावं. सरकार मागे येतंच.